कुंडी रिकामी दिसते तेव्हा: सुरण, अळू आणि त्यांची भावंडं कुठे, कशी लावावीत

माझा पहिला सुरण मी पाणी घालून मारला. पुण्यात गच्चीवर, रंगाच्या 20 लिटरच्या डब्यात लावला होता. पावसाळाभर त्याची हिरवी छत्री येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवून झाली. नोव्हेंबरात पान पिवळं पडलं, देठ मऊ झाला आणि एका सकाळी सगळं आडवं. पाणी कमी पडलं असणार, असं वाटून मी रोज तांब्याभर ओतत राहिलो. संक्रांतीच्या सुमारास माती उकरली, तर आत गड्डा नव्हताच. सालीची पिशवी होती आणि तिच्यात आंबूस वासाचं पिठलं. अलिबागकडच्या मावशीला फोन केला तर ती आधी पोटभर हसली. मग म्हणाली, "अरे, तो निजला होता. निजलेल्याच्या तोंडात पाणी ओतलंस तर गुदमरेल नाही तर काय होईल?"

अळूच्या कुळातल्या कंदांबद्दल नवख्या माणसाला एकच गोष्ट सांगायची झाली तर हीच सांगेन. यातले बरेच कंद वर्षातले चार-सहा महिने जमिनीखाली झोपतात आणि त्या झोपेत त्यांना कोरडं राहायचं असतं. बाकी खत, माती, ऊन यांत थोडंफार इकडचं तिकडे झालं तर झाड सांभाळून घेतं. रत्नागिरी असो की न्यू जर्सी, तुमच्या हवेत ही कोरडी झोप त्याला कशी मिळेल, एवढंच मुख्यतः जमवायचं असतं.

आधी ओळख: झोपणारे आणि डुलकी घेणारे

या कुळाला शास्त्रात ॲरेसी म्हणतात. आपल्या ओळखीचे बरेच जण त्यात आहेत: सुरण, अळू आणि त्याच्या अळकुड्या (बाजारात अरवी म्हणून मिळतात, गोव्यात माडी), पावसाच्या तोंडावर ठाणे-पालघर-रायगडच्या बाजारात जुड्यांनी येणारी शेवळं, महाबळेश्वरच्या रानात पहिल्या पावसानंतर फणा काढून उभा राहणारा सापकांदा, नर्सरीतलं रंगीबेरंगी पानांचं कॅलेडियम. इतकंच काय, प्रत्येक ऑफिसच्या कोपऱ्यात दिसणारं ते चकचकीत पानांचं झीझीसुद्धा. ते मूळचं पूर्व आफ्रिकेतलं. मातीखाली बटाट्यासारखे गड्डे घेऊन बसलेलं असतं, म्हणूनच महिनाभर पाणी विसरलात तरी त्याचं काही बिघडत नाही आणि रोज घातलंत तर मरतं.

लावण्यापूर्वी आपला कंद कोणत्या गटातला ते ठरवून घ्या. सुरण, शेवळं, सापकांदा, कॅलेडियम आणि जपानी लोकांचा कोन्याकू हे गाढ झोपणारे. वेळ झाली की पान टाकणार म्हणजे टाकणारच, तुम्ही कितीही पाणी घाला. अळू मात्र डुलकी घेणारं आहे. मोरीच्या पाण्यावर ते बारा महिने हिरवं राहतं. पाणी तुटलं किंवा थंडी पडली तरच पानं टाकून कंदात मुरतं आणि पुन्हा ओल मिळाली की उठतं. त्यामुळे अळवाला जे चालतं ते सुरणाला चालेल असं धरून चालू नका. मी नेमकं तेच धरलं होतं.

बियाणं: कंद निवडणं आणि कापणं

सुरणाचं बियाणं म्हणजे सुरणच. भाजीवाल्याकडून घेतलात तरी चालतो, फक्त कापलेली फोड घेऊ नका. अख्खा गड्डा हातात घेऊन वरची बाजू बघा. मध्यभागी वाटीसारखा खळगा असतो आणि त्यात डोळा. डोळा जागा होऊ लागला असेल तर गुलाबीसर टोक दिसतं. ज्या फोडीला डोळ्याचा अंश नाही, ती लावली तर उगवण्यापेक्षा कुजण्याचीच शक्यता जास्त.

बाजारात साधारण दोन तऱ्हेचे गड्डे दिसतात. एक गुळगुळीत, अंगाला पिल्लं नसलेला. हा बहुतेक 'गजेंद्र', मूळचा आंध्रातल्या कोव्वूरकडचा. खाज अगदी कमी आणि वाढ भरघोस. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेचा 'श्रीपद्मा'ही असाच कमी खाजणारा. दुसरा म्हणजे आपला गावठी, ओबडधोबड, अंगावर गाठींसारखी पिल्लं असलेला. तो खाजरा खरा, पण मावशीच्या मते चव त्यालाच. पिल्लं मोडून लावली की वेगळं बियाणं विकत घ्यावं लागत नाही. मात्र पिल्लापासून खाण्याजोगा मोठा गड्डा व्हायला तीन-चार वर्षं जातात. दर हंगामानंतर काढायचं, जपून ठेवायचं, पुन्हा लावायचं. जुने शेतकरी असंच करत. एकाच हंगामात मोठा सुरण हवा असेल तर अर्धा ते एक किलोची फोड लावावी लागते.

फोड कापण्याचं काम मन लावून करा. हातांना खोबरेल तेल चोपडा किंवा रबरी हातमोजे घाला. या कुळातल्या झाडांच्या अंगात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, ते कातडीत रुततात. खाज येते ती त्यानेच. कोयता धुऊन पुसून घ्या. गड्डा डोळा वर करून ठेवा आणि केक कापतात तसा, डोळ्याच्या मधोमध जाणारे काप देत चार तुकडे करा, म्हणजे प्रत्येक फोडीच्या टोकाला डोळ्याची कड येते. कापलेली बाजू आधी ओलसर, गुलाबी-पिवळी दिसते. ती शेणकाल्यात बुडवायची. शेणकाल्यात ट्रायकोडर्मा मिसळलंत तर उत्तम, ही बुरशी बाकीच्या बुरशांना वर येऊ देत नाही. मग फोडी सावलीत, सुपात किंवा गोणपाटावर, कापलेली बाजू वर करून ठेवा. दोन-चार दिवसांत तिथे खरवडीसारखी कोरडी साय धरते. नखानं टोचून पाहा, नख ओलं होत नसेल तर फोड लावायला तयार आहे. ओली फोड घाईनं मातीत घातली तर बारापैकी चार-पाच हमखास कुजतात. आणि हे सगळं चालू असताना डोळे चोळू नका.

अळवाचं सोपं आहे. बोटभर लांबीच्या, 25-30 ग्रॅमच्या अळकुड्या पुरतात. वडीसाठी काळसर देठाचं अळू हवं की फतफत्यासाठी हिरव्या देठाचं, ते आधी ठरवा आणि ज्याच्या घरी खाऊन पाहिलं असेल त्याच्याकडूनच कंद आणा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची पानांसाठीची 'कोकण हरितपर्णी' मिळाली तर छानच. ओढ्याकाठचं मोठ्ठ्या पानाचं दिसलं म्हणून उपटून आणू नका. हत्तीच्या कानासारख्या पानांच्या शोभेच्या जाती दिसायला सख्ख्या बहिणी असतात, पण तोंडात घातल्या तर घसा धरतो.

शेवळं आणि सापकांदा जंगलातून खणून आणणं तर नकोच. आपली शेवळं पश्चिम घाटाच्या पट्ट्यातलीच आहेत. बाजारात येतात ती फुलं आणि कोंब, खालचा कंद मातीतच राहिला तर पुढच्या वर्षी पुन्हा काही उगवेल. हौस असेल तर ज्यांच्या परड्यात आहेत त्यांच्याकडून एखादा कंद मागून घ्या.

माती आणि खोली

इथे एक गोष्ट आहे जी मला बरीच उशिरा कळली. सुरणाची मुळं गड्ड्याच्या खालून फुटत नाहीत, वरून फुटतात, डोळ्याभोवती झालरीसारखी. म्हणून गड्ड्याखाली दोन फूट माती आणि वर दोन बोटं, असं केलंत तर मुळांना पसरायला जागाच राहत नाही आणि पान वाऱ्यानं लवंडतं. गड्ड्याच्या वर वीतभर माती हवी. लहान पिल्लू असेल तर चार बोटं चालेल.

जमिनीत लावायचं असेल तर दोन फूट लांब-रुंद आणि दीड फूट खोल खड्डा घ्या. तळाशी पालापाचोळा, त्यावर दोन-अडीच किलो कुजलेलं शेणखत मिसळलेली माती, मूठभर राख. दोन खड्ड्यांत 90 सेंटिमीटर अंतर. पान पूर्ण उघडलं की ते अंतर जास्त वाटत नाही. फोडीचा डोळा वर ठेवा. अख्खा गड्डा लावत असाल आणि तुमच्याकडे पाऊस धोधो असेल तर गड्डा किंचित तिरका ठेवा, नाहीतर वरच्या खळग्यात पाणी साचून डोळा कुजतो.

कुंडीसाठी निदान 20 लिटरचा डबा किंवा दीड फूट खोलीची ग्रो बॅग. तळाला भोकं भरपूर, बाजूलाही चार पाडा. माती, शेणखत आणि निचऱ्याचं काहीतरी (जाड वाळू, विटांचा चुरा, भाताचं तूस) साधारण सारख्या प्रमाणात. कोकोपीट जास्त घालू नका, ते ओल धरून ठेवतं, आणि इथे आपल्याला झोपेच्या काळात कोरडी होणारी माती हवी आहे.

अळवाला हे लाड लागत नाहीत. वाफ्यात 60 बाय 45 सेंटिमीटरवर अळकुड्या लावा, पाणी तुंबलं तरी चालेल. हवाईत तर ते भातासारखं पाण्याच्या खाचरात पिकवतात. पण तिथलं पाणी वाहतं असतं. साचून तापलेल्या पाण्यात अळवाचा कंदसुद्धा सडतो, तेव्हा प्लास्टिकच्या टबात लावून तो उन्हात ठेवण्याचा प्रयोग करू नका.

कधी लावायचं: तुमच्या हवेप्रमाणे

कोकण आणि गोवा: तुम्ही नशीबवान आहात. ही तर या झाडांची माहेरचीच हवा. अक्षय तृतीयेला आळी करून भाज्या लावण्याची जुनी रीत सुरणालाही लागू पडते, फार तर रोहिणीपर्यंत थांबा. मृगाच्या पावसावर कोंब वर येतो. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे खड्डा सपाट ठेवून भागत नाही. कोंब वर आला की मातीची भर देऊन उंचवटा करा आणि पाणी निघून जायला चर काढा. पागोळ्यांखाली सुरण लावू नका, अळू लावा. नारळी-पोफळीच्या बागेतल्या विरळ सावलीत सुरण छान पोसतो. पाऊस संपून दिवाळी उलटली की तो आपोआप झोपेच्या तयारीला लागतो आणि पुढचे महिने आभाळच कोरडं असतं. म्हणजे झोपेची सोय निसर्गानंच केलेली, तुम्ही फक्त पाइप घेऊन मागे लागू नका.

देश: पुणे-सातारा पट्ट्यात पाऊस कमी, 700 मिलिमीटरच्या आसपास, पण अडचण पावसाची नसून काळ्या मातीची आहे. ती पाणी धरते आणि सुकली की भेगाळते. गादीवाफा करा किंवा सरळ कुंडीत लावा. मेच्या शेवटी लावून पाऊस येईपर्यंत आठवड्यातून दोनदा पाणी द्या. पावसाने ओढ दिली तर पुन्हा द्या. ऑक्टोबरच्या उन्हात पाणी तोडू नका. गड्डा खरा भरतो तो याच सुमारास, आणि पान हिरवं आहे तोवर त्याला पाणी हवं.

विदर्भ, मराठवाडा: नागपूरचा मे म्हणजे 45 अंश. गड्डा जमिनीखाली हे सोसतो, कोवळा कोंब सोसत नाही, त्याची टोकं करपतात. म्हणून इथे घाई नको, पहिला चांगला पाऊस पडल्यावर लावा. केळीच्या ओळींत, आंब्याच्या दुपारच्या सावलीत किंवा हिरव्या नेटखाली. उसाचं पाचट, सोयाबीनचं कुटार, जे मिळेल त्याचं चार बोटं जाड आच्छादन घाला. दुबई-मस्कतच्या मंडळींनीही हेच करायचं, फक्त त्यांचा लावणीचा हंगाम हिवाळ्याच्या शेवटी सुरू होतो आणि कडक उन्हाळ्यात कुंडी बाल्कनीच्या आतल्या भिंतीला चिकटवून ठेवावी लागते.

महाबळेश्वरसारखी थंड, दमट जागा: अळू झकास. सुरण उशिरा उगवतो आणि लहान राहतो. गड्डा कुंडीत घालून घरात उबेला अंकुरवा आणि मगच बाहेर काढा.

आता थंड देश. याची चौकशी मला सगळ्यात जास्त होते, कारण परदेशी गेलेल्या माणसाला पहिल्या श्रावणातच अळूवडी आठवते. इथे दोन गोष्टींची गाठ आहे: तिकडचा उन्हाळा आखूड आणि हिवाळ्यात जमीन गोठते. गोठलेल्या जमिनीत हे कंद वाचत नाहीत. पण नीट पाहिलं तर थंड देशाचा हिवाळा आणि आपल्याकडचा उन्हाळा गड्ड्याच्या दृष्टीनं फार वेगळे नाहीत. दोन्ही वेळी त्याला झोपायचंच आहे. फक्त अंथरूण घरात आणायचं.

जपानी शेतकऱ्यांनी हे फार पूर्वी जमवलं आहे. त्यांचा कोन्याकू हा आपल्या सुरणाचाच चुलतभाऊ. टोकियोच्या वायव्येला गुन्मा प्रांत आहे, तिथे हिवाळ्यात कडक थंडी पडते आणि तरीही जपानातला बहुतेक कोन्याकू तिथेच पिकतो. शरद ऋतूत कंद काढतात, हिवाळाभर कोठारात कोरडे ठेवतात, वसंतात पुन्हा लावतात. असे दोन-तीन फेरे झाले की विकण्याजोगा गड्डा होतो. तुम्ही तेच करा. एप्रिलमध्ये खिडकीजवळ किंवा हीटरच्या बाजूला कुंडीत कंद अंकुरवायला ठेवा, मातीत 20 अंशांच्या वर ऊब हवी. रात्री दव गोठायचं थांबलं की कुंडी बाहेर. न्यू जर्सीत हे साधारण मेच्या मध्यावर, इंग्लंडात जून उजाडला तरी हरकत नाही. कुंडी काळी घ्या आणि दक्षिणेकडच्या भिंतीशी ठेवा, भिंत रात्री ऊब देते. ऑक्टोबरात रात्री 10 अंशांच्या खाली जाऊ लागल्या की कुंडी आत.

कंद मिळवायचे कुठून? भारतीय दुकानात अरवी ताजी मिळते. तिच्यातल्या फुगीर टोकाच्या चार वेगळ्या काढल्या तर एखाददुसरी उगवतेच. सुरण मात्र तिकडे बरेचदा गोठवलेला येतो आणि गोठवलेला सुरण लावून उपयोग नाही. भारतातून बॅगेत कंद घालून नेऊ नका. परवानगीशिवाय कंद-मुळं नेण्यावर बहुतेक देशांत बंदी आहे आणि ऑस्ट्रेलियासारख्या ठिकाणी विमानतळावर ती फार मनावर घेतात. थंड ठिकाणी हौसेखातर काही लावायचंच असेल तर तिथल्या नर्सरीत 'व्हूडू लिली' या नावानं कोन्याकूच मिळतो. सुरणापेक्षा तो थंडीला कितीतरी काटक आहे.

सिंगापूर किंवा विषुववृत्ताजवळची ठिकाणं: तिथे कोरडा ऋतू असा नसतोच, तरी सुरण त्याच्या पोटातल्या घड्याळाप्रमाणे पान टाकतो. टाकलं की कुंडी उचलून छपराखाली. ऑस्ट्रेलियातल्यांनी कॅलेंडर उलटं वाचायचं, म्हणजे लावणी सप्टेंबर-ऑक्टोबरात.

वाढीचा काळ

कोंब वर आला की पहिले पंधरा दिवस नुसतं बघत राहायचं. आधी भाल्यासारखं टोक येतं, मग वेष्टण फाटतं आणि आत मिटलेली छत्री दिसते. ठिपक्याठिपक्यांचं जे 'खोड' दिसतं ते खरं तर देठ आहे आणि वरचा सगळा पसारा म्हणजे एकच पान. ते मोडलं तर हंगामाचं बरंचसं भांडवल गेलं. सुरण दुसरं पान काढतो, पण गड्डा खर्ची घालून. म्हणून वाऱ्याच्या ठिकाणी शेजारी काठी रोवून सुतळीनं सैल बांधा. मुलांचे क्रिकेटचे चेंडू हाही इथे एक हवामानाचाच प्रकार समजावा.

जमिनीत तोवर वेगळंच चाललेलं असतं. लावलेली फोड झिजत जाते आणि तिच्या डोक्यावर नवा गड्डा धरतो. हंगामाच्या शेवटी खणलंत तर नव्या गड्ड्याच्या बुडाशी जुन्या फोडीचं सुकलेलं चामडं चिकटलेलं दिसेल. अर्धा किलोची फोड चांगल्या जमिनीत दोन-अडीच किलो देते. डब्यात त्याहून कमी.

कोंब आल्यावर महिन्यानं आणि पुन्हा दोन महिन्यांनी शेणखत किंवा गांडूळखत घालून भर द्या. या पिकाला पालाश (पोटॅश) लागतं, चुलीची राख असेल तर ती कामी येते.

दोन रोग ओळखून ठेवा. सुरणाच्या देठाच्या बुडाशी, मातीलगत, पांढरं जाळं आणि त्यात मोहरीएवढे दाणे दिसले तर ती बुंधा कुजवणारी बुरशी. निचरा बिघडलाय असं समजा, भोवतीची माती बाजूला करून हवा खेळू द्या, ट्रायकोडर्मा द्या. देठ मऊ झाला असेल तर मात्र झाड हातचं गेलं. दुसरा अळवाचा करपा. सततच्या पावसात पानांवर भिजल्यासारखे गोल डाग पडतात, वाढतात, आठवड्यात पान चाळण होतं. साधासुधा वाटणारा हा रोग 1993 साली सामोआ बेटांवर पोचला आणि तिथलं अळकुड्यांचं पीक आणि निर्यात दोन्ही बसवून गेला. आपल्याकडे डागाळलेली पानं दिसतील तेव्हा काढून दूर टाका, झाडं दाटीनं लावू नका आणि संध्याकाळी पानांवर पाणी मारू नका. वडीला पानं न्यायची असतील तर औषध फवारण्यापेक्षा दोन पानं गमावलेली परवडतात.

झोप

पान पिवळं पडायला लागलं की पाणी अर्धं करा. आडवं झालं की बंद. देठ ओढू नका, तो आपण होऊन सुटू द्या. सुटला की मातीत एक गोल खळगा राहतो. तिथून गड्डा किती मोठा आहे याचा अंदाज बोटानं घेण्याचा मोह मला दर वर्षी होतो.

लावल्यापासून हे व्हायला आठ-नऊ महिने लागतात. थंड देशात पाच-सहातच उरकतं. जमीन कोरडी राहणार असेल आणि सुरण खायची घाई नसेल तर गड्डा तिथेच राहू दे. काढायचा असेल तर फूटभर लांबून खणत या, कुदळीचा एक घाव बसला तरी तो साठवणीत टिकत नाही. माती झटकून, न धुता, आठवडाभर सावलीत वाऱ्यावर ठेवा. मग कोरड्या वाळूत किंवा पेंढ्यावर, एकावर एक न रचता. थंड देशात घरातलं कपाट चालतं, 12 ते 18 अंशांचं. फ्रिज नको. महिन्यातून एकदा हात फिरवून बघा. मऊ जागा लागली तर तेवढी कापून टाकून राख लावा. कापसासारखे पांढरे ठिपके दिसले तर पिठ्या ढेकूण आहे, जुन्या दातांच्या ब्रशनं घासून काढा.

अळवाला डुलकी हवी तेव्हा ते सांगतं: पानं लहान होत जातात. अळकुड्या सहा-सात महिन्यांत काढणीला येतात. पानांसाठीच ठेवलं असेल तर पाणी चालू ठेवा, काही बिघडत नाही.

आणि मग एक दिवस वास येतो

तीन-चार वर्षं गड्डा न खाता पोसत गेलात तर एका उन्हाळ्यात पानाऐवजी फूल येईल. जांभळट, सुरकुतलेलं, जमिनीला टेकलेलं. त्याला मेलेल्या जनावराचा वास येतो. मधला दांडा स्वतः तापतो आणि वास दूरवर पसरवतो, कारण परागीभवन करणारे भुंगे आणि माश्या त्या वासालाच भुलतात. सुमात्रात 1878 साली बेक्कारी या इटालियन शास्त्रज्ञाला सापडलेलं आणि 1889 मध्ये लंडनच्या क्यू बागेत फुललेलं ते माणसापेक्षा उंच राक्षसी फूल याच सुरणाच्या घराण्यातलं. एडिंबरोच्या बागेत 2010 साली त्याचा गड्डा 153.9 किलो भरला होता. तोही कुंडीत वाढतो, पान टाकतो आणि झोपतो.

माझ्या न्यू जर्सीतल्या भाच्यानं कोन्याकू कपाटात कोरडा ठेवला होता. मार्चमध्ये घरात उंदीर मेलाय म्हणून त्यांनी दोन दिवस सोफे हलवले. शेवटी कपाट उघडलं तर चपलांच्या मधून, माती नाही, पाणी नाही, अडीच फुटांचं फूल उभं. या कंदांना फुलायला काही लागत नाही, सगळा शिधा गड्ड्यात असतो. म्हणूनच सुरण खायचा असेल तर फुलाची कळी दिसताच मोडून टाका. शेवळांचं मात्र उलटं, त्यांची भाजीच फुलाची. ती काकडं (त्याच सुमारास मिळणारी आंबट रानफळं) घालून शिजवतात ते खाज मारण्यासाठी. सुरणाला कोकम, चिंच किंवा ताक, अळवाला चिंच. कच्चं काहीच तोंडात घालायचं नाही, चव बघायलासुद्धा.

शेवटचं काम दोन मिनिटांचं आहे. झोपलेल्या कुंडीवर पाटी लावा: 'आत सुरण आहे, पाणी घालू नये.' पान गेल्यावर ती कुंडी घरात सगळ्यांना रिकामी दिसते. दुसऱ्या वर्षी मी एवढं शिकून सावरून पाणी बंद केलं, आठ दिवस गावाला गेलो आणि आलो तर डब्यात कोथिंबीर पेरलेली. आईनं रोज दोन वेळा पाणी घातलं होतं. कोथिंबीर मात्र फार चांगली आली होती.